खरं वजन सांगा

विमानात बसण्याआधी एइनो प्रत्येकाला विचारतो,
वजन किती? खरं सांगा.
बुटांसकट. खिशातल्या सँडविचसकट.
पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
हँगरच्या दारावरच तो बेरीज मांडतो:
एझ्रा साकाकीप, एकशे ऐंशी पौंड.
त्याचा पुतण्या डॅरियन, एकशे चाळीस.
गिरमिट, शेगडी, दोर, आमिषाचा डबा.
मी बारा पौंड गाळून सांगते.
तो मान वर न करता पंधरा वाढवून लिहितो.
एकतीस वर्षं माणसं आणि मासे वाहतोय,
दोघांच्या वजनाबद्दल लोक खोटंच बोलतात,
फक्त उलट्या दिशांनी.

पहाटे उणे चौतीस.
इंजिनाचं ऑइल रात्रभर त्याच्या स्वयंपाकघरात,
चुलीशेजारच्या डब्यात.
ते काळं, कोमट, पातळ झालेलं
तो दोन्ही हातांनी घेऊन येतो,
न्हाऊ घातलेलं लेकरू आणावं तसं.
विमानाच्या नाकावरची गोधडी काढतो.
इंजिन खोकतं,
थांबतं,
पुन्हा खोकतं आणि बोलायला लागतं.

वरून सगळी तळी सारखीच.
पिठाचे हात कुणी पुसले असावेत
स्प्रूसच्या काळ्या घोंगडीवर.
एझ्रा काचेला बोट लावून एकेकाचं नाव घेतो.
त्यातली निम्मी नावं
ओंटारिओच्या नकाशात नाहीत.
डॅरियनच्या कानात हेडफोन.

एइनो आधी नुसतं टेकवतो.
बर्फावर स्कींच्या दोन रेघा ओढून परत उडतो,
घिरटी घालून खाली बघतो:
रेघा पांढऱ्या राहिल्या तर उतरायचं,
काळ्या पडल्या तर वरच्या बर्फाखाली पाणी आहे, पुढे चला.
पहिल्या तळ्यावर काळ्या पडल्या.
दुसऱ्यावर राखाडी.
त्या राखाडीभोवती तो तीनदा फिरला.
मग म्हणाला, चालेल.

गिरमिट तीन फूट जातं
आणि पाणी भसकन वर येतं, जणू वाटच बघत होतं.
झाऱ्याने भोकातला चुरा काढायचा, गळ सोडायचा,
आणि बसायचं.
दुपारपर्यंत चौदा ट्राउट.
बर्फावर टाकला की मासा वळलेला असेल तसाच गोठतो.
डॅरियनने हेडफोन कधी काढला ते कळलं नाही.
कुणी बोलून दाखवलं नाही.

परतायच्या वेळी स्कींखाली ओल चढलेली.
एइनोने पेन्सिल काढली, बेरीज जमेना.
दोन खेपा कराव्या लागतील, म्हणाला,
सर्वांत जड माणूस मागे थांबेल.
तिघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही,
फार सभ्यपणे.

पाऊण तास. शेगडी, एक ब्लँकेट, चौदा मासे आणि मी.
विमानाचा आवाज माशीएवढा झाला,
मग नुसता आठवलेला.
आणि तळं बोललं.
खालून, लांबून, लोखंडी दार फरफटत न्यावं तसा
एक आवाज माझ्या पायांखालून
पलीकडच्या काठापर्यंत गेला.
बर्फ घट्ट होताना असा ओरडतो,
तळं गप्प असेल तेव्हा घाबरावं, एझ्रा म्हणतो.
मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.
तरी मी उठून उभी राहिले
आणि मोठ्याने माझं खरं वजन सांगितलं,
कोणी विचारलं नसताना,
शेवटच्या पौंडापर्यंत.

तेव्हाच दोरी ताणली गेली.
किती वेळ ओढत होते, सांगता येणार नाही.
भोकात डोकं आलं, फिक्या ठिपक्यांचं, रुंद,
भोकापेक्षा रुंद.
तो मावेना. मी सोडेना.
मग मी हातमोजा काढून हात पाण्यात घातला.
गळ सुटला की मी सोडवला,
हे मी स्वतःलाही दोन प्रकारे सांगितलंय.

एइनो उतरला. काही लागलं?
नाही, मी म्हटलं.
कोपरापर्यंत फळीसारखी ताठ झालेली माझी बाही
त्याने पाहिली,
आणि मासे मागे रचू लागला,
जड खाली, हलके वर.